आगबोटीवरील पंगत

जमिनीवरच्या प्रवाशाला एखाद्या खाणावळीतले अन्न रुचले नाही, तर पुढच्या खाणावळीची वाट त्याला मोकळी असते. समुद्रावरच्या उतारूला अशी वाट नसते. नांगर उचलला गेला, किनारा दिसेनासा झाला, की जहाजाचा भटारखाना जे देईल ते त्याचे अन्न आणि जहाजाच्या टाकीत जे असेल ते त्याचे पाणी. म्हणूनच जहाजावरील भोजनाचा इतिहास हा नुसता पाककलेचा इतिहास होत नाही. एका माणसाचे पोट दुसऱ्याच्या स्वाधीन झाले म्हणजे काय घडते, आणि त्या स्वाधीनतेला नियमांचा बांध कसा घातला गेला, याचीही ती कथा आहे. आजच्या विहारनौकेवर चढलेल्या पर्यटकापुढे कोणत्या उपाहारगृहात जेवावे, असा गोड पेच असतो. हा पेच फार अलीकडचा आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात हिंदुस्थानकडे निघालेली शिडांची जहाजे काही महिने समुद्रावर असत. त्यांवर मेंढ्या, बकऱ्या, डुकरे आणि कोंबड्या यांचा एक लहानसा गोठाच भरलेला असे. ताजे मांस टिकवण्याचा उपाय एकच होता, तो म्हणजे जनावर जिवंत ठेवणे. सधन उतारू कप्तानाला पैसे मोजून त्याच्या मेजावर जागा मिळवीत. ज्यांची ऐपत नसे, त्यांच्या वाट्याला खारवलेले मांस आणि दगडासारखी बिस्किटे येत. वाफेची शक्ती आली, प्रवासाचे दिवस घटले, तरी ही रीत एकदम पालटली नाही. क्यूनार्ड कंपनीची ‘ब्रिटानिया’ ही आगबोट १८४० मध्ये अटलांटिक ओलांडून गेली, तेव्हा ताज्या दुधासाठी तिच्यावर गाय होती. १८४२ मध्ये याच बोटीने चार्ल्स डिकन्स अमेरिकेस गेला, आणि त्या प्रवासातील हालांचे त्याने केलेले वर्णन पुढे सर्वश्रुत झाले.

डिकन्सची खोली अडचणीची असली, तरी त्याच्यापुढे वाढलेले ताट येत होते. त्याच वर्षांत आयर्लंड-इंग्लंडमधून अमेरिकेकडे देशांतर करणाऱ्या गरिबांची स्थिती फार निराळी होती. १८४२ च्या ब्रिटिश कायद्याने प्रत्येक उतारूला आठवड्याला सात पौंड धान्य, पीठ किंवा बिस्किटे आणि दररोज तीन क्वार्ट, म्हणजे सुमारे साडेतीन लिटर, पाणी देण्याचे बंधन घातले. हा शिधा जीव जगवण्यापुरताच होता. कायदा कागदावर होता आणि जहाज समुद्रावर होते. या दोहोंतले अंतर १८४७ च्या आयरिश दुष्काळात उघडे पडले. त्या वर्षी कॅनडाकडे निघालेले हजारो लोक वाटेत किंवा किनाऱ्याला लागल्यावर मृत्युमुखी पडले. स्टीफन डी व्हियर या आयरिश जमीनदाराने ही परिस्थिती जाणून घेण्यासाठी स्वतः देशांतर करणाऱ्यांसोबत जहाजाच्या तळघरातून प्रवास केला आणि जे पाहिले ते लिहून कळविले. अन्न अयोग्य होते, चुली अपुऱ्या असल्यामुळे ते अर्धेकच्चे राही, आणि पाणी रांधण्या-पिण्यालाच पुरत नसल्यामुळे धुण्याला उरत नसे. त्याचे पत्र ब्रिटिश उमरावांच्या सभागृहात वाचले गेले. पुढे १८५५ च्या कायद्याने शिध्याचे प्रमाण वाढविले आणि शंभरांवर उतारू नेणाऱ्या जहाजाला त्यांच्यासाठी स्वयंपाकी नेमणे भाग पाडले. नुसते धान्य मोजून दिले म्हणजे अन्न दिले असे होत नाही, चूल आणि रांधणारा हातही द्यावा लागतो, एवढी साधी गोष्ट सरकारदफ्तरी नोंदली जाण्यास इतकी माणसे मरावी लागली.

हिंदी उतारूंचा अनुभव याहून वेगळा नव्हता. १८३४ नंतर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गिरमिटाने जे मजूर गेले, त्यांत मुंबई बंदरातून निघालेली कोकणातील मराठी माणसेही होती. गिरमिट्यांच्या जहाजांसाठी तांदूळ, डाळ, तूप, मीठ यांची प्रमाणे नियमांनी ठरविली गेली. तरीही १८५६-५७ च्या हंगामात कलकत्त्याहून कॅरिबियन बेटांकडे गेलेल्या जहाजांवर शंभरांतील सुमारे सतरा माणसे वाटेतच दगावली. शिधा मोजला जात होता, पण दाटी, दूषित पाणी आणि रोगराई यांना आवर घालणारी देखरेख अपुरी होती.

सुशिक्षित आणि सधन हिंदी प्रवाशापुढे भुकेचा प्रश्न नव्हता. त्याच्यापुढे धर्माचा आणि संकोचाचा प्रश्न होता. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मोहनदास गांधी मुंबईहून विलायतेस निघाले. कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याचे धैर्य त्यांना होईना आणि काट्याचमच्यांची सवयही नव्हती. भोजनगृह असूनही त्यांनी आपल्या खोलीत बसून, मुख्यतः घरून आणलेल्या मिठाईवर आणि फळांवर दिवस काढले, असे त्यांनीच आत्मकथेत सांगितले आहे. याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण १९०२ मधील. जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला निघाले, तेव्हा त्यांनी ‘ऑलिंपिया’ ही संबंध आगबोटच भाड्याने घेतली आणि चांदीच्या प्रचंड घागरी गंगाजलाने भरून सोबत नेल्या. त्या घागरी जयपूरच्या राजवाड्यात पाहावयास मिळतात. आपल्या आचाराचे अन्नपाणी समुद्रावर मिळवायचे, तर एकाला उपास काढावा लागला आणि दुसऱ्याला संबंध जहाज भाड्याने घेण्याइतके धन ओतावे लागले. मधला मार्ग त्या काळी नव्हता.

या आगबोटींवर वाढणारे हात मात्र पुष्कळदा आपल्याच किनाऱ्याचे होते. पी. अँड ओ. सारख्या कंपन्यांच्या बोटींवर डेकवरील खलाश्यांत रत्नागिरीकडचे लोक असत, तर भोजनगृहात आणि भटारखान्यात गोमंतकीय ख्रिस्ती खानसामे, पेंट्रीवाले आणि आचारी असत. दोन सफरींच्या मधल्या काळात हे गोवेकर मुंबईत धोबीतलावाच्या परिसरातील आपापल्या गावाच्या ‘कुडां’त उतरत. खलाश्यांचे जेवण वेगळ्या चुलीवर शिजे आणि ते शिजविणारा ‘भंडारी’ या नावाने ओळखला जाई. म्हणजे एकाच लोखंडी कवचाखाली साहेबांची पंगत, गरीब उतारूंची पंगत आणि चाकरांची पंगत अशा तीन निरनिराळ्या पंगती रोज बसत आणि उठत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन गोष्टींनी या ताटाचे स्वरूप पालटले. पहिली गोष्ट म्हणजे कृत्रिम शीत. १८८० मध्ये ‘स्ट्रॅथलेव्हन’ या आगबोटीने ऑस्ट्रेलियातून गोठवलेले मांस लंडनला सुस्थितीत पोहोचविले, आणि जहाजावर गोठा बाळगण्याची गरज हळूहळू नाहीशी झाली. दुसरी गोष्ट म्हणजे व्यापारी कल्पकता. हिवाळ्यात अटलांटिकवर उतारू मिळेनासे होत; तेव्हा हँबुर्ग-अमेरिका कंपनीच्या आल्बर्ट बालिन याने जानेवारी १८९१ मध्ये ‘ऑगुस्टा व्हिक्टोरिया’ ही बोट भूमध्य समुद्राच्या सहलीवर धाडली. कोठे पोहोचण्यासाठी नव्हे, तर निव्वळ हिंडण्यासाठी माणसे बोटीवर चढली. प्रवास हाच हेतू ठरला, तेव्हा भोजन हे त्याचे मुख्य आकर्षण बनणे ओघानेच आले. याच कंपनीच्या ‘अमेरिका’ या बोटीवर १९०५ मध्ये रिट्झ-कार्लटन या नावाचे स्वतंत्र उपाहारगृह उघडले. तेथे ठरीव पंगतीऐवजी आपल्या आवडीने पदार्थ मागविता येत. आजच्या विहारनौकेवरील निवडीच्या स्वातंत्र्याचा उगम येथे आहे.

१४ एप्रिल १९१२ च्या ‘टायटॅनिक’वरील भोजनपत्रिका उपलब्ध आहेत, आणि त्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या की त्या काळचा समाज डोळ्यांपुढे उभा राहतो. पहिल्या वर्गासाठी कालवांपासून पीच फळांपर्यंत सुमारे दहा फेऱ्यांचे रात्रीचे जेवण होते. दुसऱ्या वर्गाच्या यादीत कोंबडीची करी आणि भात होता. हिंदुस्थानातील स्वयंपाकघराची ही खूण अटलांटिकच्या मध्यावर उमटली होती. तिसऱ्या वर्गाला दुपारी भाताचे सूप, ताजा पाव, भाजलेले मांस, बटाटे आणि पुडिंग मिळाले. हे जेवण साधे खरे. परंतु पासष्ट वर्षांपूर्वीच्या आयरिश उतारूने ते स्वप्नातही पाहिले नसते. त्याहून लक्षणीय म्हणजे तिसऱ्या वर्गाच्या पत्रिकेवर तळाशी एक सूचना छापली होती. अन्नाबद्दल किंवा उद्धट वागणुकीबद्दल तक्रार असल्यास ती ताबडतोब वरिष्ठांकडे करावी, आणि ओळख पटावी म्हणून प्रत्येक वाढप्याच्या दंडावर क्रमांकाचा बिल्ला आहे, असा तिचा आशय होता. गरिबाला तक्रार करण्याचा अधिकार असतो, ही कल्पना छापील ओळीत येण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला होता.

त्याच बोटीवर अधिक पैसे मोजणाऱ्यांसाठी लुइजी गात्ती या इटालियन व्यावसायिकाने चालविलेले खास उपाहारगृह होते. त्यातील साठांहून अधिक नोकरांपैकी केवळ तिघे वाचले. उत्तम भोजनाच्या स्तुतीत या वाढप्यांची आठवण सहसा निघत नाही.

पुढे १९२४ मध्ये अमेरिकेने परदेशी वसाहतकऱ्यांवर कडक मर्यादा घातली, तेव्हा तिसऱ्या वर्गाचे उतारू आटले. १९५८ मध्ये जेट विमाने अटलांटिक ओलांडू लागली आणि प्रवासी आगबोटींचे दिवस भरले. १९६६ मध्ये ‘सनवर्ड’ ही बोट मायामीहून सहली करू लागली, आणि आधुनिक विहारनौकांचे युग सुरू झाले. या नौकांवर वर्गांच्या भिंती पडल्या. सर्वांनी एकाच भोजनगृहात, नेमलेल्या मेजावर, नेमलेल्या वेळी जेवायचे असा परिपाठ पडला. २००० मध्ये नॉर्वेजियन क्रूझ लाइनने तो मोडून हवे तेव्हा, हवे तेथे जेवण्याची मुभा दिली. २०२४ मध्ये निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर सुमारे ७,६०० उतारूंची सोय आहे, आणि वीसहून अधिक ठिकाणी खाता येते. परंतु काही उपाहारगृहांना जादा आकार पडतो आणि काही केवळ महागड्या खोल्यांतील उतारूंसाठी राखलेली असतात. पंक्तिभेद पुढच्या दाराने गेला आणि मागच्या दाराने परत आला.

तथापि, पदार्थांची विपुलता आणि अन्नाचा कस या दोन भिन्न गोष्टी आहेत. एका भटारखान्यातून हजारो लोक जेवतात, तेव्हा एका दूषित हाताने शेकडो माणसे आजारी पडू शकतात. म्हणून अमेरिकन आरोग्यखात्याने १९७० च्या दशकात जहाजांच्या तपासणीची योजना आखली. पूर्वसूचना न देता तपासनीस बोटीवर चढतात. थंड अन्न ५ अंश सेल्सियसपर्यंत आणि ऊन अन्न ५७ अंशांच्या वर राखले आहे की नाही, हे तापमापीने पाहतात. शंभरांपैकी किमान ८६ गुण मिळाले तरच बोट समाधानकारक ठरते, आणि हे गुण जनतेसाठी प्रसिद्ध होतात. डी व्हियरला जे पाहण्यासाठी सबंध समुद्र ओलांडावा लागला, ते आज बंदरातच उघड होते. नोरोव्हायरसची साथ तरीही अधूनमधून उद्भवते; पण ती लपून राहत नाही.

शेवटची पंगत चाकरांची. २००६ मध्ये स्वीकारलेला आणि २०१३ मध्ये अमलात आलेला आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करार खलाश्यांच्या अन्नाविषयीही बोलतो. ते विनामूल्य, पुरेसे आणि सकस असावे, ते रांधणारा प्रशिक्षित असावा, आणि खाणाऱ्यांच्या धर्माचा व चालीरीतींचा त्यात विचार व्हावा, असे बंधन त्यात आहे. भारताने २०१५ मध्ये त्यास मान्यता दिली. भंडाऱ्याच्या वेगळ्या चुलीवर शिजणाऱ्या भातालाही अशा रीतीने कायद्याच्या पानावर जागा मिळाली. वरच्या मजल्यावर कितीही उपाहारगृहे असोत, नौकेच्या अन्नाची खरी परीक्षा तळमजल्यावरच्या या पंगतीतच होते.