मुंज्याचा पिंपळ, साताऱ्याचा दगड

सांगलीत आमच्या घराच्या मागच्या भिंतीत एक पिंपळ उगवला होता. बाबा दरवर्षी म्हणायचे, काढून टाकू. आजी म्हणायची, "त्याच्यावर मुंजा असतो, हात लावायचा नाही." गवंडीही कुऱ्हाड लावायला तयार नसायचा.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45 फूट. पाणी ओसरल्यावर पाहिलं, तर ती भिंत पिंपळासकट आडवी झाली होती. बाबांच्या मते पिंपळाने पाडली, आजीच्या मते पुराने. हा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही. ढिगाऱ्यातून मी बोटभर जाडीचा एक फुटवा मुळांसकट उचलला आणि बादलीत ठेवला.

मी इंजिनिअर, पण सॉफ्टवेअरचा. तरी भिंतीचं गणित शोधलं. वड, पिंपळ, उंबर हे एकाच कुळातले. त्यांची फळं पक्षी आणि वटवाघळं खातात, बी विष्ठेतून सांध्यात पडतं. आपल्याकडची जुनी बांधकामं काळ्या पाषाणाची आणि चुन्याची. चुन्याचा सांधा ओल धरतो, बी रुजतं, मूळ जाड होत जातं आणि दगड सरकवतं. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा घाट आहे. असा कुठलाही जुना घाट पाहताना आता माझी नजर आधी सांध्यांकडे जाते. याच कुळाला मोकळी जागा मिळाली तर काय होतं, तेही सातारा जिल्ह्यातच दिसलं होतं: जावळीतल्या म्हसवे गावच्या वडाचा घेर 1882 साली 1,587 फूट भरला होता.

दगड धरून बसलेलं झाड हे आपल्याकडे संकट, पूर्वेकडे मात्र ती कला झाली. चीनमध्ये 706 सालच्या एका राजपुत्राच्या थडग्यातल्या भित्तिचित्रात तबकातली छोटी झाडं आणि दगड घेतलेले सेवक आहेत. जपानी चित्रपटांत 1309 साली अशी झाडं दिसतात. 1923 च्या भूकंपानंतर टोकियोचे बोन्सायवाले बाहेर पडले आणि 1925 मध्ये त्यांनी ओमियात आपलं गाव वसवलं. पावसाने माती वाहून गेली की झाडाची मुळं खडकाला मिठी मारून उघडी राहतात. त्या रूपाची नक्कल म्हणजे 'सेकिजोजू'. मराठीत बोन्सायला वामनवृक्ष म्हणतात. आमच्याकडे पुराने जे केलं, तेच मला कुंडीत करायचं होतं.

दगड साताऱ्याहून आणला, मामाच्या बांधावरचा. नदीतला गुळगुळीत गोटा चालत नाही, खाचा लागतात. मुळं धुऊन खाचांत बसवली, वर चिकट काळ्या मातीचा लेप दिला, सुती पट्टीने घट्ट बांधलं आणि सगळं खोल कुंडीत मानेपर्यंत पुरलं. दोन वर्षं उकरून पाहायचं नाही. कोडमध्ये मला इतका धीर कधी जमला नाही. मग दर काही महिन्यांनी वरची माती थोडी थोडी काढत गेलो. उघडी पडलेली मुळं जाड होऊन दगडाला चिकटली होती.

पिंपळाची पानं मोठी, छोट्या झाडावर विचित्र दिसतात. म्हणून झाड तजेलदार असेल तर उन्हाळ्यात सगळी पानं खुडायची. नवी येतात ती लहान. छाटल्यावर पांढरा चीक येतो, तो पुसायचा. तार वेळेत सोडायची, नाहीतर सालीत रुतते.

गेल्या मे महिन्यात पानं खुडत होतो. आजी शेजारी येऊन बसली. म्हणाली, "तोडला नाहीस हे बरं केलंस. पण दरवर्षी असा बोडका करतोस, मग मुंज्यानं राहायचं कुठं?"

मला उत्तर सुचलं नाही. मी कुंडी नव्या भिंतीपासून चार हात लांब सरकवली. बाबांनी खिडकीतून पाहिलं आणि आणखी दोन हात लांब ठेवायला सांगितलं.