जोडणीचा तक्ता आणि पाठीराख्यांचा न्याय : अमेरिकन महाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेच्या इतिहासातील एक प्रश्न

बाद पद्धतीच्या स्पर्धेत संघाचे भवितव्य दोन गोष्टींवर अवलंबून असते : एक त्याचे स्वतःचे बळ, आणि दुसरी, प्रतिस्पर्धी त्याच्यापुढे कोणत्या क्रमाने येतात तो योग. पहिल्या गोष्टीचा हिशेब प्रशिक्षक करतो. दुसरीचा हिशेब मांडण्याचे काम पाठीराख्यांनी सर्वत्र आपल्याकडे घेतलेले दिसते. आपल्याकडील क्रीडाव्यवहारात जोडणीच्या तक्त्याला 'भाग्यपत्रिका' अशी संज्ञा आहे. जेथे चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या जातात तेथे ती यथार्थच होय. अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेला मात्र ती लागू पडत नाही. तेथील तक्ता प्रथम भूगोलाने ठरविला आणि पुढे समितीच्या निर्णयाने. या स्थित्यंतराबरोबर पाठीराख्यांच्या परीक्षणाचे स्वरूपही पालटले. 'आमच्या वाट्याला कोण आले?' या प्रश्नाच्या जागी 'आमच्या वाट्याला हाच संघ का दिला?' हा प्रश्न आला. दैवाला जाब विचारता येत नाही, निर्णयाला विचारता येतो. या बदलाचे मर्म एवढ्यात सामावलेले आहे. प्रस्तुत लेखात त्याचा थोडक्यात मागोवा घ्यावयाचा आहे.

हा खेळ जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे सुरू केला. तथापि महाविद्यालयीन संघांच्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू होण्यास जवळजवळ अर्धशतक जावे लागले. १९३८ साली न्यूयॉर्क येथील क्रीडावृत्तलेखकांच्या पुढाकाराने सहा संघांची 'राष्ट्रीय निमंत्रित स्पर्धा' भरली. पुढच्याच वर्षी प्रशिक्षकांच्या संघटनेने आठ संघांची दुसरी स्पर्धा भरविली, आणि १९४० पासून तिची सूत्रे राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेकडे, म्हणजे एन.सी.ए.ए.कडे गेली. १९३९ च्या या पहिल्या स्पर्धेसाठी देशाचे आठ भाग पाडून प्रत्येकातून एक संघ घेण्यात आला. चार पूर्वेकडे, चार पश्चिमेकडे. अंतिम सामन्यात ओरेगॉनने ओहायो स्टेटचा ४६-३३ असा पराभव केला. या रचनेत प्रतिस्पर्धी कोण, हे मुख्यतः नकाशाच सांगत असे. एखाद्या भागात दोन प्रबळ संघ असले तर त्यांपैकी एकाने घरी राहावयाचे, हे गृहीतच होते.

१९५१ साली संघांची संख्या सोळा झाली, परंतु आपसांत नियमित सामने खेळणाऱ्या महाविद्यालयांच्या प्रत्येक संघातून, म्हणजे कॉन्फरन्समधून, एकालाच प्रवेश हा दंडक १९७४ पर्यंत टिकला. त्याचा जाच कोणाला झाला हे पाहण्यास दोन उदाहरणे पुरेत. १९७०-७१ च्या हंगामात सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने २६ पैकी २४ सामने जिंकले. उरलेले दोन्ही सामने ते एकाच संघाकडून हरले, आणि तो संघ जॉन वूडन यांच्या मार्गदर्शनाखालील यू.सी.एल.ए. हा होता. १९६४ ते १९७५ या काळात दहा वेळा अजिंक्य ठरलेला संघ आपल्याच कॉन्फरन्समध्ये असल्यामुळे सदर्न कॅलिफोर्नियाला स्पर्धेत पाऊलही टाकता आले नाही. १९७४ साली मेरीलंडची गतही तीच झाली. आपल्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत १००-१०३ अशी हार पत्करावी लागताच त्यांचे राष्ट्रीय स्पर्धेचे दार बंद झाले. आणि ज्या नॉर्थ कॅरोलिना स्टेटने त्यांना हरविले तोच संघ पुढे राष्ट्रीय विजेता ठरला.

जोडणीविषयीचा उघड तंटा त्याआधी, १९७० साली, झालेला होता. मार्केट विद्यापीठाच्या संघाला आपल्या जवळच्या विभागाऐवजी टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे खेळावयास पाठविण्याचे ठरले. प्रशिक्षक अल मॅग्वायर यांना ही वाटणी मान्य झाली नाही. त्यांनी निमंत्रण नाकारले, संघ न्यूयॉर्कच्या निमंत्रित स्पर्धेत उतरविला आणि ती जिंकली. या घटनेचे महत्त्व विजयात नसून नकारात आहे. तक्ता हा कोणाचा तरी निर्णय आहे आणि तो चुकीचा असू शकतो, ही गोष्ट त्या नकाराने सर्वांसमोर मांडली. पुढे संघटनेने नियम करून ही पळवाट बुजविली, आणि २००५ साली ती निमंत्रित स्पर्धाच विकत घेतली.

प्रतिस्पर्ध्याच्या परीक्षणाचा याहून गंभीर अर्थ दक्षिणेकडील राज्यांत दिसून येतो. मिसिसिपी राज्यातील सार्वजनिक महाविद्यालयांनी कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या संघांशी खेळू नये, असा तेथे अलिखित दंडक होता. त्यापायी मिसिसिपी स्टेट विद्यापीठाचा संघ १९५९, १९६१ आणि १९६२ या तिन्ही वर्षी आपल्या कॉन्फरन्सचे अजिंक्यपद मिळवूनही (१९६२ चे विभागून) राष्ट्रीय स्पर्धेस गेला नाही. समोर कोण येणार या प्रश्नाचे उत्तर येथे बळाच्या नव्हे, वर्णाच्या मापाने दिले जात होते. १९६३ साली विद्यापीठाचे अध्यक्ष डीन कोल्वर्ड यांनी संघ पाठविण्याचा निर्णय घेतला. त्याविरुद्ध न्यायालयाचा मनाईहुकूम मिळविण्यात आला. परंतु तो बजावला जाण्यापूर्वीच संघ राज्याबाहेर पडला होता. १५ मार्च १९६३ रोजी मिशिगनमधील ईस्ट लान्सिंग येथे शिकागोच्या लोयोला विद्यापीठाशी त्याची गाठ पडली. लोयोलाच्या पहिल्या पाच खेळाडूंपैकी चार कृष्णवर्णीय होते. सामन्यापूर्वी दोन्ही कर्णधारांनी, जो डॅन गोल्ड आणि जेरी हार्कनेस यांनी, हस्तांदोलन केले. लोयोलाने सामना ६१-५१ असा जिंकला आणि पुढे अजिंक्यपदही मिळविले. ज्यांच्याशी खेळावयाचेच नाही असा प्रतिस्पर्धी तक्त्यात असू शकत नाही, हे तत्त्व मिसिसिपीतही त्या दिवशी प्रथम मान्य झाले. तक्त्याविषयीच्या सर्व वादांना हे तत्त्व पायाभूत आहे; कारण अन्याय झाला असे म्हणण्यापूर्वी सर्वांस एकाच मापाने मोजावे लागते.

यानंतरचे दशक रचनेच्या पालटाचे होय. १९७५ साली संघ ३२ झाले आणि एका कॉन्फरन्समधून दुसऱ्या संघास वाट मिळाली. १९८० साली ही मर्यादाही उठली. १९७९ साली ४० संघ घेऊन त्या सर्वांना मानांकन देण्यात आले. १९८५ साली ६४ संघ झाले, तेव्हा पहिल्या फेरीत कोणालाही पुढे चाल मिळण्याचे कारण उरले नाही. २०११ साली ही संख्या ६८ झाली. १९८५ पासून चार विभाग, प्रत्येकात १ ते १६ मानांकने, आणि पहिल्याची गाठ सोळाव्याशी, आठव्याची नवव्याशी, पाचव्याची बाराव्याशी अशी चौकट रूढ झाली. नकाशाचे काम आता बंद खोलीत बसणाऱ्या निवड समितीकडे आले. तिच्या सदस्याने स्वतःच्या विद्यापीठाचा विषय निघताच बाहेर जावे असा नियम आहे, यावरून पक्षपाताच्या शंकेची जाणीव तिलाही असल्याचे दिसते.

पाठीराखे या तक्त्याचे वाचन जवळजवळ संहितेच्या चिकित्सेप्रमाणे करतात. त्यांच्या काही निष्कर्षांत खरोखरच तर्कशुद्धता आहे. उदाहरणार्थ, आठवे मानांकन दहाव्याहून वरचे खरे, परंतु आठव्याने पहिला सामना जिंकला तर दुसऱ्यात बहुधा पहिल्या मानांकिताशीच सामना. दहाव्याला तेथे बहुधा दुसरा मानांकित मिळतो. यास्तव 'आम्हांला दहावे का दिले नाही?' ही वरकरणी विचित्र वाटणारी तक्रार सयुक्तिक ठरते. तसेच पाचवा-बारावा या जोडीत बाराव्या मानांकिताने सुमारे तीनांत एकदा बाजी मारलेली आहे. त्यामुळे पाचव्या संघाचे पाठीराखे निर्धास्त नसतात. कोणत्या शहरी खेळावयाचे आणि प्रतिस्पर्ध्याला ते घरचे मैदान तर होणार नाही ना, हा मार्केटच्या काळापासूनचा प्रश्नही कायम आहे.

या चिकित्सेला आकड्यांचे साधन १९८१ साली मिळाले. 'आर.पी.आय.' नामक गुणांकात संघाच्या स्वतःच्या विजयप्रमाणाला केवळ २५ टक्के वजन होते. ५० टक्के प्रतिस्पर्ध्यांच्या विजयप्रमाणाला आणि २५ टक्के त्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या विजयप्रमाणाला. म्हणजे संघाची पत तीन-चतुर्थांश इतरांच्या कामगिरीवर ठरे, आणि पाठीराख्याला दूरच्या, अपरिचित महाविद्यालयांच्या सामन्यांचे निकालही पाहणे भाग पडे. २००४-०५ पासून परक्या मैदानावरील विजय १.४ आणि घरचा विजय ०.६ असा धरण्यात येऊ लागला. २०१८ साली या गुणांकाची जागा 'नेट' या नव्या पद्धतीने घेतली. प्रत्येक दुरुस्तीमागे जुन्या मापाविरुद्धचा आक्षेप होता, हे लक्षात घ्यावयास हवे.

या परीक्षणाने भविष्य कळते काय? फारसे नाही. १९८५ साली आठव्या मानांकनाच्या व्हिलानोव्हाने अंतिम सामन्यात जॉर्जटाउनला ६६-६४ असे हरविले. सोळाव्या मानांकिताने पहिल्यास हरविल्याचे पुरुषांच्या स्पर्धेत २०१८ पर्यंत एकही उदाहरण नव्हते. त्या वर्षी मेरीलंड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेने व्हर्जिनियाला ७४-५४ असे नमविले. सोपी म्हणून गणलेली वाटच तेथे घातक ठरली. आणि तोच व्हर्जिनियाचा संघ २०१९ साली अजिंक्य झाला.

परंतु भाकित खोटे ठरले म्हणून परीक्षण व्यर्थ ठरत नाही. 'आम्ही जिंकू काय?' आणि 'आम्हांला योग्य जागा मिळाली काय?' हे दोन भिन्न प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर मैदानावर मिळते. दुसऱ्याचे उत्तर सामना जिंकल्यानेही मिटत नाही आणि हरल्यानेही नाही. सदर्न कॅलिफोर्निया व मेरीलंड यांना खेळावयासच मिळाले नाही, म्हणून त्यांची बाजू निकालाने खोटी पडण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. मेरीलंडच्या पराभवानंतरच्याच वर्षी नियम मात्र बदलला. पाठीराखा पक्षपाती असतो हे उघड आहे. तरीही आपल्या संघाची बाजू मांडताना त्याला सर्वांना लागू पडेल असे माप पुढे करावे लागते, आणि मग ते माप त्याच्या संघालाही लावले जाते. या स्पर्धेच्या तक्त्याचा इतिहास अशा पक्षपाती, पण कारणे देणाऱ्या वादातूनच घडलेला आहे.