निष्पत्तिगणन, संभाव्यतेतील

नाणेफेक, फासे टाकणे इ. यादृच्छिक प्रयोगांत उद्‌भवू शकणाऱ्या सर्व निष्पत्तींची पद्धतशीर मोजणी. निष्पत्ती सांत व समसंभाव्य असल्यास अनुकूल निष्पत्तींच्या संख्येस एकूण संख्येने भागून घटनेची संभाव्यता मिळते. मात्र ‘एक निष्पत्ती’ कशास म्हणावयाचे, हे भागाकारापूर्वी ठरवावे लागते. या विषयाच्या इतिहासातील अनेक वाद त्यासंबंधीच झालेले आहेत.

तीन फाशांवरील अंकांचे क्रमनिरपेक्ष गट ५६, तर क्रम विचारात घेतल्यास निष्पत्ती २१६ होतात. हा भेद दे व्हेतुला या तेराव्या शतकातील लॅटिन काव्यात आढळतो. ९ व १० या दोन्ही बेरजा प्रत्येकी सहा गटांनी मिळतात. तरीही १० अधिक वेळा येते, असा जुगाऱ्यांचा अनुभव होता. गॅलिलीओ (१५६४–१६४२) यांनी त्याचे कारण स्पष्ट केले : तिन्ही अंक भिन्न असलेला गट सहा प्रकारे, दोन समान अंकांचा तीन प्रकारे व ३, ३, ३ हा गट एकाच प्रकारे पडतो. त्यामुळे ९ साठी २५, तर १० साठी २७ निष्पत्ती होतात. पुनरावृत्त अंकांची अशी मांडणी मोजण्याची रीत भास्कराचार्यांच्या लीलावतीतील (११५०) अंकपाश प्रकरणात दिलेली आहे.

अर्धवट राहिलेल्या खेळातील पणाची वाटणी कशी करावी, यावर १६५४ मध्ये ब्लेझ पास्काल व प्येअर द फेर्मा यांचा पत्रव्यवहार झाला. एका खेळाडूस दोन व दुसऱ्यास तीन डाव जिंकावयाचे असल्यास जास्तीत जास्त चार डावांत निकाल लागतो. त्यांच्या १६ निष्पत्तींपैकी ११ पहिल्यास व ५ दुसऱ्यास अनुकूल असतात. निकाल लागल्यानंतरचे काल्पनिक डाव मोजणे रॉबेर्व्हाल यांना मान्य नव्हते. परंतु ते डाव निकाल बदलत नाहीत आणि त्यांच्यामुळेच निष्पत्ती समसंभाव्य राहतात. हाच मुद्दा निसटल्यामुळे द’अलांबेअर यांनी १७५४ मध्ये फ्रेंच विश्वकोशातील नोंदीत दोन नाणेफेकींत निदान एकदा छाप पडण्याची संभाव्यता ३/४ ऐवजी २/३ असल्याचे प्रतिपादन केले. पहिल्याच फेकीत छाप पडल्यास खेळ संपतो, म्हणून त्यांनी तीनच निष्पत्ती धरल्या. परंतु त्यांपैकी पहिलीची संभाव्यता १/२, तर इतर दोहोंची प्रत्येकी १/४ असते.

तथापि क्रम मोजणे सर्वत्र योग्य ठरत नाही. सत्येंद्रनाथ बोस (१८९४–१९७४) यांनी १९२४ मध्ये प्रकाशकणांसाठी निराळे गणन वापरून प्लांक यांचा प्रारण नियम सिद्ध केला. हे कण परस्परांपासून वेगळे ओळखता येत नाहीत. दोन कोष्ठांत असे दोन कण ठेवल्यास चार नव्हे, तर तीनच समसंभाव्य अवस्था मानाव्या लागतात. नाण्यांच्या बाबतीत चुकीचे ठरणारे गणन येथे निसर्गाशी जुळते. यावरून निष्पत्ती मोजणे हे गणिताचे काम असले, तरी कोणत्या निष्पत्ती समसंभाव्य मानावयाच्या, हे अखेरीस अनुभवावरूनच ठरते, असे दिसून येते.