पाच वाक्यांचे पत्र

१० जानेवारी १९८० रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या अमेरिकेतील नामांकित वैद्यकीय नियतकालिकात, वाचकांच्या पत्रव्यवहारात, एक चिमुकले पत्र छापून आले. बॉस्टन येथील हर्शेल जिक व जेन पोर्टर यांनी ते लिहिले होते. वाक्ये अवघी पाच. रुग्णालयात दाखल असताना अफूजन्य वेदनाशामक औषध किमान एकदा दिले गेलेल्या ११,८८२ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. ज्यांना पूर्वी कसलेही व्यसन नव्हते अशांपैकी केवळ चौघांना व्यसन जडल्याची बऱ्यापैकी खात्रीची नोंद त्यांना आढळली. पत्राचा आशय एवढाच. घरी गेल्यावर महिनोन् महिने हीच औषधे घेणाऱ्यांचे काय होते, याविषयी त्यात अवाक्षर नव्हते आणि लेखकांनी तसा दावाही केला नव्हता.

या पत्राचे पुढे जे झाले, ते आधुनिक वैद्यकाच्या इतिहासातील एक खिन्न प्रकरण आहे.

व्यसन न लावणारे वेदनाशामक हाती लागले, असे मानवाला यापूर्वीही वाटले होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रीड्रिख झेर्ट्युर्नर या तरुण जर्मन औषधनिर्मात्याने अफूतून तिचे सत्त्व वेगळे काढले आणि स्वप्नदेव मॉर्फियसच्या नावावरून त्याचे नामकरण केले. तेच मॉर्फिन. पुढे १८९७ साली जर्मनीतील बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत फेलिक्स हॉफमन यांनी एका पंधरवड्यात दोन औषधे सिद्ध केली. एक ॲस्पिरिन. दुसरे मॉर्फिनपेक्षा निर्धोक म्हणून, खोकल्यावरचा इलाज म्हणून, १८९८ पासून विकले गेले. त्याचे नाव हेरॉइन! जे घरोघरी पोचायला हवे आणि ज्याची सावलीही नको, अशी ही जुळी भावंडे म्हणायची. १९२४ साली अमेरिकेने हेरॉइनच्या निर्मितीवर बंदी घातली आणि त्यानंतर तेथील डॉक्टर अफूजन्य औषधे हातचे राखूनच देऊ लागले.

हा संकोच दूर व्हावा, असे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक सहृदय डॉक्टरांना वाटू लागले. त्यांची कळकळ खरी होती; कर्करोगाचे रुग्ण तळमळत मरत होते. परंतु कळकळीला पुरावा हवा असतो, आणि हाताशी होते ते पाच वाक्यांचे पत्र. त्याचा दाखला एका लेखातून दुसऱ्या लेखात जाऊ लागला. १९९६ साली पर्ड्यू कंपनीने ‘ऑक्सिकॉन्टिन’ बाजारात आणले, तेव्हा तिच्या प्रचारालाही या समजुतीचा आधार मिळाला. कर्करोगाच्या रुग्णांपुरते असलेले औषध कंबरदुखी आणि गुडघेदुखीच्या रुग्णांना महिनोन् महिने मिळू लागले. हे औषध कमी व्यसनकारक आहे असे भासवल्याचा गुन्हा २००७ साली पर्ड्यूच्या सहयोगी कंपनीने न्यायालयात कबूल केला. तोवर फार उशीर झाला होता. आधी गोळ्या, मग हेरॉइन, मग चोरट्या बाजारातील फेंटॅनिल, अशा पायऱ्या उतरत १९९९ ते २०२१ या काळात अमेरिकेत सुमारे ६ लाख ४५ हजार माणसे अफूजन्य द्रव्यांच्या अतिमात्रेने मृत्युमुखी पडली.

२०१७ साली कॅनडातील संशोधकांनी त्या पत्राचा माग काढला. ६०८ लेखांत त्याचा उल्लेख सापडला. त्यांपैकी ४३९ लेखांनी ते व्यसनाचा धोका अत्यल्प असल्याचा पुरावा म्हणून वापरले होते. आणि ४९१ लेखांनी हे रुग्ण रुग्णालयात दाखल असलेले होते, ही साधी गोष्टही सांगितली नव्हती. आपल्या पत्राचा असा उपयोग झाल्याची खंत जिक यांनी उघडपणे बोलून दाखवली आहे. मूळ पत्र पाच वाक्यांचे होते, वाचायला मिनिटही लागले नसते, ही बाब मला सर्वांत अस्वस्थ करते.

जुनाट दुखण्यावर ही औषधे गुण देतात का, हा मूळ प्रश्न दीर्घकाळ नीट तपासलाच गेला नव्हता. २०१८ साली अमेरिकेत २४० रुग्णांवरील वर्षभराच्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कंबर, खुबा वा गुडघा सतत दुखणाऱ्या या रुग्णांपैकी निम्म्यांना अफूजन्य औषधे व निम्म्यांना साधी वेदनाशामके दिली गेली. हालचालीत फरक पडला नाही. वेदना साध्या औषधांनी किंचित अधिकच उतरली, आणि दुष्परिणाम मात्र अफूजन्य गटात जास्त. २०२३ साली ऑस्ट्रेलियात ३४७ जणांच्या चाचणीत, नुकत्याच उद्भवलेल्या कंबर वा मानदुखीवर सहा आठवड्यांअखेर अफूजन्य औषध नुसत्या औषधहीन गोळीहून सरस ठरले नाही. साधी वेदनाशामके निर्धोक आहेत, असा मात्र याचा अर्थ नव्हे. संधिवातावरचे ‘व्हायॉक्स’ हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढवते असे आढळल्याने २००४ साली जगभरातून मागे घ्यावे लागले. आणि औषधाच्या दुकानातून परस्पर आणून रोज घेतलेल्या गोळ्या जठरात व्रण करतात, मूत्रपिंडे निकामी करतात, हे आपल्याही कुटुंबांनी ध्यानी घ्यावे.

अमेरिकेने अतिविश्वासाची किंमत मोजली, तर आपण अतिभीतीची. १९८५ साली आपल्या देशात अमली पदार्थविरोधी कायदा झाला. हेतू योग्य होता. परंतु रुग्णालयाला मॉर्फिन मिळवण्यासाठी चार-पाच परवाने, प्रत्येकाची मुदत वेगळी, आणि चुकल्यास कठोर शिक्षा, अशी अवस्था झाली. रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. १९९७ साली सबंध भारतात वैद्यकीय कारणासाठी अवघे १८ किलो मॉर्फिन वापरले गेले. आणि हा देश कायदेशीर अफू पिकवून निर्यात करणारा! नीमच-मंदसोरची अफू परदेशच्या रुग्णांच्या वेदना शमवीत होती, आणि आपले रुग्ण पॅरासिटामॉलवर कण्हत होते. कालिकतला १९९३ पासून वेदनाशमनाचे काम करणारे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांचे सहकारी यांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन परवान्यांचे जंजाळ सुटले. भीती मात्र सुटली नाही. रुग्णभेटीला गेलो की आजही कानावर येते, “फादर, मॉर्फिन म्हणजे शेवटच ना?”

या प्रश्नाचे उत्तर लंडनच्या हॅकनी भागात, आयरिश धर्मभगिनींच्या सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये, १९५८ पासून मिळू लागले. तेथे सिसिली साँडर्स या डॉक्टरबाईंनी मॉर्फिन वेदना असह्य होण्याची वाट न पाहता घड्याळाच्या काट्यावर द्यायला सुरुवात केली. वेदनेला डोके वर काढूच दिले नाही, तर रुग्ण औषधासाठी हपापत नाही, शुद्धीवर राहतो, आप्तांशी बोलतो, हे त्यांनी नोंदींनिशी दाखवले. आपल्याकडे वांद्रे येथे १९८६ साली डॉ. एल. जे. डिसूझा यांनी उभारलेले शांती अवेदना सदन याच परंपरेतले.

काही भाविकांना वेगळी शंका छळते: वेदना प्रभूच्या क्रुसाशी जोडलेली, मग ती टाळणे पाप तर नव्हे? भूलतज्ज्ञांनी नेमके हेच प्रश्न पोप बारावे पायस यांच्यापुढे ठेवले होते. २४ फेब्रुवारी १९५७ रोजी त्यांनी दिलेले उत्तर निःसंदिग्ध होते. मृत्यू घडवण्याचा हेतू नसेल, दुसरा उपाय नसेल, आणि रुग्णाला आपली धार्मिक व नैतिक कर्तव्ये पार पाडता आली असतील, तर शुद्ध हरपली वा आयुष्य काहीसे घटले तरी वेदनाशामक देता येते. वेदनेने माणूस शुद्धच होतो असे नाही, ती नव्या पापालाही निमित्त होऊ शकते, असेही त्यांनी सांगितले. हे वाक्य लिहिणाऱ्याने आजाऱ्यांचा सहवास अनुभवला असावा.

मॉर्फिनचे दुष्परिणाम आहेतच. मळमळ व गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता मात्र औषध चालू असेपर्यंत पिच्छा सोडत नाही. म्हणून जाणकार डॉक्टर पहिल्या मात्रेबरोबरच रेचकही लिहून देतात. ते दिले नसेल, तर घरच्यांनी आठवणीने विचारावे.