धाव, डनलॉप आणि कोरडी थंडी

परवा शनिवारी सकाळी बाबांना फोन केला. इकडे कॅलगरीत उणे १८, तिकडे नांदगाव पेठेत रात्रीची जेवणं आटोपलेली.

"बाबा, गाडीले थंडीचे टायर घेतो म्हणतो."

"तिकडं रोज बरफ पडते काय?"

"नाही. बहुतेक दिवस रस्ता कोरडाच असते."

"मंग बरफाचे टायर कायले पाह्यजे?"

प्रश्न बिनतोड होता. खरं सांगायचं तर गेली दोन वर्षं मीही स्वतःला हेच सांगत होतो. पण त्याच आठवड्यात, लख्ख उन्हात, कोरड्या रस्त्यावर मी लाल सिग्नलला ब्रेक दाबला आणि गाडी रेषेच्या पुढे अर्धी गाडीभर जाऊन थांबली. रस्ता ओलांडायला निघालेली एक बाई जागीच थबकली. मागच्या सीटवर माझी लेक. कोणालाही काही झालं नाही, पण त्या दिवशी ऑफिसात एक ओळ कोड लिहिला असेल तर शपथ!

इथला कायदाही मदतीला येत नाही. क्वेबेकमध्ये २००८ पासून हिवाळी टायर सक्तीचे आहेत, आमच्या अल्बर्टा प्रांतात नाहीत. म्हणजे निर्णय आपला, आणि चुकला तर पापही आपलंच.

मग काय, वीकेंडला बसलो वाचत. आणि वाचता वाचता पोचलो थेट आबाजींच्या बंडीपर्यंत.

ज्यांनी बंडी जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी: लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी असते तिला 'धाव' म्हणतात. आपला अस्सल देशी टायर! लोहार ती गोवऱ्यांच्या जाळात लाल करायचा. तापून ती फुगली की चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. आकसताना ती चाकाला अशी आवळून बसायची की खिळ्याची गरज नाही. पण आमच्याकडचा मे महिना म्हणजे ४५ अंश. लाकूड सुकून आकसलं की धाव ढिली. मग चाकं काढून पाण्यात भिजत घाला. तापमान बदललं की टायरचं वागणं बदलतं, हा धडा वऱ्हाडातल्या प्रत्येक शेतकऱ्याला पाठ होता.

रबराचं दुखणं याहून मोठं. कच्चं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत कडक. चार्ल्स गुडइयरने १८३९ साली रबरात गंधक मिसळून ते तापवलं आणि हा 'बग' बऱ्यापैकी सोडवला. पूर्ण नाही हं! गाडीचं रबर थंडीत आजही कडक होतंच. कडक रबर डांबराच्या बारीक खाचाखोचांत शिरत नाही आणि पकड सुटते. त्यासाठी बर्फ असायलाच हवा असं नाही. माझ्या सिग्नलचं गणित इथे सुटलं.

हवा भरलेल्या टायरचं पेटंट स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसनने १८४५ मध्येच घेतलं होतं, पण त्याला गिऱ्हाईक मिळालं नाही. १८८८ मध्ये बेलफास्टमधल्या जॉन डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच कल्पना नव्याने शोधली आणि सायकलींमुळे ती चालली. १९३६ साली डनलॉपचा कारखाना बंगालमध्ये साहागंजला आला. पुढे बैलगाड्यांनाही रबरी टायर लागले आणि 'डनलॉप' हे कित्येक गावांत बैलगाडीच्या चाकाचंच नाव होऊन बसलं.

रबरी चाकाला रस्ता हवा. १९४३ मध्ये देशभरातले मुख्य अभियंते आमच्या नागपुरात जमले आणि राष्ट्रीय, राज्य, जिल्हा, गाव अशी रस्त्यांची उतरंड ठरली. नांदगाव पेठेवरून जातो तो पूर्वीचा सहा नंबरचा, आताचा ५३ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग. आबाजींनी टायरची बंडी घेतली ती या डांबरी रस्त्यामुळे. कापूस अमरावतीला न्यायला दहा-बारा किलोमीटर, बैलांना ओढायला हलकी. पण शेतातली धावेची बंडी त्यांनी विकली नाही. शेताच्या वाटेवर बाभळीचे काटे, तिथे रबर कशाला घालायचं? रस्ता पाहून चाक. बस्स, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान.

आता हिवाळी टायर. जगातला पहिला हिवाळी टायर फिनलंडमध्ये १९३४ साली बनला, तोही ट्रकसाठी. बर्फात रुतणाऱ्या गाड्या बाहेर काढायला. 'हिवाळी म्हणजे बर्फाचा' हे समीकरण तिथून डोक्यात बसलं. १९९९ पासून उत्तर अमेरिकेत टायरवर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह येतं, पण गंमत अशी की त्याची परीक्षा बर्फावरची पकड बघते. कोरड्या रस्त्यावर ब्रेक किती लागतो, हे ते चिन्ह सांगत नाही.

आणि हिवाळी टायरांतही दोन जाती. एक अगदी मऊ, बारीक चिरांनी भरलेला, निसरड्या बर्फासाठी. कोरड्या रस्त्यावर तो लिबलिबतो आणि लवकर झिजतो. आमच्याकडे मधेच चिनूक नावाचा गरम वारा सुटतो आणि पारा काही तासांत शून्याच्या वर जातो, तेव्हा तर जास्तच. दुसरी जात जरा घट्ट. हिमकणाचं चिन्ह तिच्यावरही असतं, थंडीत तिचं रबर लवचिक राहतं, पण कोरड्या डांबरावर गाडी सरळ धरते. चकचकीत बर्फावर मात्र पहिलीइतकी पकड नाही, तिथे वेग आपणच कमी करायचा.

आमची वस्ती सपाटीवर, रस्ते रोज साफ होतात, डोंगरात जाणं वर्षातून एकदा. मी दुसरी जात घेतली. शेजारच्या घरातली मुलगी दर शनिवारी स्कीइंगला जाते, तिच्यासाठी पहिलीच बरोबर. रस्ता पाहून चाक!

बाबांना पुन्हा फोन करून हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "हवा पाह्यत जा."

तेही खरंच. अधिक २० मध्ये भरलेली ३२ पौंड हवा उणे २० मध्ये साधारण २६ वर येते. टायर गळत नाही, हवाच आकसते. आबाजींच्या धावेसारखी.

असो. टायर मंगळवारी बसतील. तोवर गाडी दारात आणि मी बसमध्ये.