हळदीचं पेटंट आणि हळदीची कॅप्सूल

धाराशिवहून बोलतोय. तुळजापूर आमच्या शेजारीच, त्यामुळे हळद म्हटलं की आधी देवीचं हळदी-कुंकू, मग फोडणी. पण हल्ली आमच्या फॅमिली ग्रुपवर हळद येते ती कॅप्सूल होऊन. 'लिव्हर आणि मेंदूसाठी नॅचरल अँटिऑक्सिडंट'! खाली हमखास एक ओळ असते, 'अमेरिकेने हिचं पेटंट पळवलं होतं.' म्हणजे दम असणारच ना? तर आज तीच गोष्ट, जरा नीट.

मार्च १९९५. अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला पेटंट मिळालं, नंबर ५४०१५०४. कशाचं? जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं. गंमत म्हणजे शोधकर्ते दोघंही भारतीय वंशाचे. म्हणजे गिट लॉग न बघता जुनाच कोड आपल्या नावाने कमिट करायचा, तसलं काहीतरी.

तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, मूळचे गोव्यातल्या माशेलचे. त्यांच्या संस्थेने १९९६ मध्ये फेरतपासणी मागितली. आता इथे खरी अडचण. 'आमची आजी लावायची' हे तिथे चालत नव्हतं. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात परदेशातलं तोंडी ज्ञान मोजतच नसत, छापील कागद हवा. मग शोधाशोध झाली आणि ३२ संदर्भ उभे राहिले. त्यात जुने ग्रंथ होते, तसा १९५३ चा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट रद्द! पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाची डिजिटल लायब्ररी सुरू झाली, त्यामागे हाच धडा.

मला ही केस भारी वाटते. पण त्यात सिद्ध काय झालं? हळदीचा तो वापर नवा नाही, एवढंच. पेटंट होतं जखमेचं. लिव्हर आणि मेंदू त्यात कुठेच नव्हते.

मुळात हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच कमी जातं. बेंगळुरूच्या १९९८ च्या एका अभ्यासात मिऱ्यातलं पायपेरिन सोबत दिल्यावर ते प्रमाण सुमारे २० पट वाढलं. झालं, कंपन्यांनी कॅप्सूलमध्ये मिरी घातली. आणि २०२२ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हळदीच्या सप्लिमेंटमुळे लिव्हरला इजा झालेल्या १० पेशंटची नोंद छापली. पाच जण ॲडमिट, एकाचा मृत्यू. दहापैकी सात जणांत एकच विशिष्ट जनुकीय प्रकार सापडला, म्हणजे धोका सगळ्यांना सारखा नाही. पण आपल्यात तो प्रकार आहे की नाही, हे बाटली घेताना कोण तपासतं?

वरणातली चिमूटभर हळद वेगळी, तिला कुणी नावं ठेवत नाहीये. पण घरात अशी बाटली चालू असेल तर डॉक्टरांना गोळ्यांच्या यादीत तीही सांगा. 'ते घरगुतीच आहे' म्हणून लोक नेमकं तेच सांगत नाहीत. आणि डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर कॅप्सूल तिथेच थांबवा आणि दवाखाना गाठा.