दार शाळेचं आणि दार देशाचं

ओंटॅरिओत शाळेने एखाद्या विद्यार्थ्याला रीतसर 'एक्सेप्शनल' ठरवलं असेल आणि त्याला चौदा वर्षं पूर्ण झाली असतील, तर त्याच्या आयईपीमध्ये, म्हणजे वैयक्तिक शिक्षण आराखड्यात, शाळेनंतर पुढे काय याची योजना लिहिणं शाळेवर बंधनकारक आहे. कॉलेज, नोकरी, प्रशिक्षण, स्वतंत्रपणे राहणं, त्या मुलाच्या बाबतीत जे लागू असेल ते. हा नियम १९९८ सालचा. २०१४ पासून आयईपी असलेल्या प्रत्येक मुलासाठी, अगदी बालवाडीपासून, अशी योजना करावी लागते.

तरीही आपल्या मंडळांच्या कार्यक्रमांत हा विषय निघाला की पालकांचा आवाज खाली येतो. शिक्षणाच्या कायद्यांचा इतिहास हा माझा अभ्यासविषय आहे हे कळलं, की कुणीतरी मला बाजूला घेऊन विचारतं, "शाळेच्या कागदावर आलं तर पुढे कुठे अडणार नाही ना? पीआरला, अ‍ॅडमिशनला?" हा प्रश्न 'लोक काय म्हणतील' एवढ्यापुरता नाही. त्यामागे या देशाचा दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो आपल्याला अर्धाच माहीत असतो.

कॅनडाचा पहिला इमिग्रेशन कायदा १८६९चा. अंध, बहिरे, मुके, 'वेडे' असे प्रवासी कोण आहेत हे जहाजाच्या कप्तानाने कळवायचं आणि सांभाळणारं कुटुंब सोबत नसेल तर त्यांच्यासाठी जामीन द्यायचा, अशी त्यात तरतूद होती. १९१०च्या कायद्याने 'मंदबुद्धी' आणि अपस्मार असलेल्या लोकांना थेट मज्जाव केला.

त्याच काळात आत, ओंटॅरिओत, शाळा उघडत होत्या. बेलव्हिलला १८७० मध्ये बहिऱ्या मुलांची, ब्रँटफर्डला १८७२ मध्ये अंध मुलांची. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या वाट्याला मात्र ओरिलियाची संस्था आली. १८७६ मध्ये उघडलेली ही जागा बंद झाली २००९ मध्ये, आणि तिथल्या छळाबद्दल प्रांताच्या प्रीमियर कॅथलीन विन यांनी २०१३ मध्ये विधानसभेत माफी मागितली.

या दोन दारांवर पहारा देणारी माणसं कधीकधी एकच असत. डॉ. हेलन मॅकमर्ची विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओंटॅरिओत 'मंदबुद्धींच्या' सरकारी निरीक्षक होत्या आणि पुढे शाळांतल्या खास वर्गांच्याही. मागे पडणाऱ्या मुलांना वेगळे वर्ग मिळावेत म्हणून त्या झटल्या, आणि अशी माणसं बाहेरून देशात येऊ नयेत म्हणूनही त्यांनी तितकाच आग्रह धरला. त्यांच्या मनात या दोन गोष्टींत विसंगती नव्हती. मूल हा एक खर्च आहे, तो आटोक्यात ठेवायचा, हा हिशेब दोन्हीकडे सारखाच होता.

शाळेच्या बाजूला हा हिशेब बदलायला १९७०चं दशक उजाडावं लागलं. त्या वर्षी आलेल्या 'वन मिलियन चिल्ड्रन' या अहवालाने मदतीची गरज असलेली, पण व्यवस्थेच्या फटींतून निसटणारी मुलं किती आहेत हे देशासमोर मांडलं. तोवर ओंटॅरिओत विशेष शिक्षण द्यायचं की नाही हे बरंचसं स्थानिक शाळा मंडळाच्या मर्जीवर होतं. डिसेंबर १९८० मध्ये मंजूर झालेल्या 'बिल ८२'ने ही मर्जी संपवली. शिक्षणमंत्री होत्या बेट स्टीव्हन्सन, पेशाने डॉक्टर. १९८५पर्यंत टप्प्याटप्प्याने प्रत्येक मंडळाने प्रत्येक अपंग मुलाला योग्य शिक्षण द्यायचं, असं ठरलं. त्याच वर्षी चार्टरमधलं समानतेचं कलम १५ अमलात आलं. या कलमाच्या पहिल्या मसुद्यात अपंगत्वाचा उल्लेख नव्हता. तो अपंगांच्या संघटनांनी भांडून १९८१ मध्ये घालून घेतला.

बिल ८२ने एक समिती घडवली, आयपीआरसी. मूल 'एक्सेप्शनल' आहे का आणि त्याला कुठल्या वर्गात ठेवायचं हे ती ठरवते. पालकांनी लेखी मागणी केली तर मुख्याध्यापकांना प्रकरण समितीकडे पाठवावंच लागतं. सोबत बाजू मांडायला कुणाला नेता येतं. सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याला स्वतः बसण्याचा हक्क आहे. पण नीट पाहिलंत तर या यंत्रणेचा मूळ प्रश्न होता, 'मुलाला ठेवायचं कुठे?' 'मूल पुढे जाणार कुठे?' हा प्रश्न नियमात शिरायला आणखी अठरा वर्षं लागली. चौदा वर्षांच्या त्या नियमाचं महत्त्व इथे आहे.

२०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रिटिश कोलंबियातल्या मूर खटल्यात ही दिशा पक्की केली. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला ज्या केंद्राची गरज होती ते मंडळाने पैसे वाचवण्यासाठी बंद केलं होतं. न्यायालयाने एकमताने सांगितलं, की विशेष शिक्षण ही चैन नाही. ते रॅम्पसारखं आहे. सगळ्यांना कबूल केलेल्या शिक्षणापर्यंत या मुलांना त्यावरूनच पोचता येतं.

आता देशाच्या दाराकडे या. १९६७च्या पॉइंट सिस्टिमने आपल्यासारख्यांना पदवी आणि अनुभवाच्या जोरावर आत येता आलं. १९७६च्या कायद्याने जुन्या अपमानास्पद याद्या काढल्या, पण त्यांच्या जागी दोन शब्द ठेवले: 'एक्सेसिव्ह डिमांड'. अर्जदाराच्या कुटुंबातल्या कुणामुळे आरोग्य किंवा सामाजिक सेवांवर जादा भार पडेल असं वाटलं, तर सगळ्या कुटुंबाचा अर्ज नामंजूर. आणि विशेष शिक्षण या 'सामाजिक सेवां'त मोजलं जाई. म्हणजे ओंटॅरिओचा शिक्षण कायदा ज्याला हक्क म्हणत होता, त्यालाच ओटावाचा इमिग्रेशन कायदा बोजा म्हणत होता.

हिलेविट्झ आणि डी योंग या दोन कुटुंबांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये बजावलं, की निदानाचं नाव बघून निकाल देऊ नका. या मुलाला खरोखर काय लागणार आणि कुटुंब स्वतः किती उचलू शकतं ते तपासा. तरी २०१६ मध्ये यॉर्क विद्यापीठात शिकवणाऱ्या, कोस्टा रिकाहून आलेल्या एका प्राध्यापकांच्या कुटुंबाला मुलाच्या डाउन सिंड्रोममुळे पीआर नाकारली गेली. बातम्या झाल्या आणि काही महिन्यांत निर्णय फिरला. अखेर जून २०१८ पासून धोरण बदललं. खर्चाची मर्यादा तिप्पट, म्हणजे वर्षाला सुमारे वीस हजार डॉलर झाली, आणि विशेष शिक्षण त्या हिशेबातून काढून टाकण्यात आलं.

म्हणजे २०१८च्या आधी आलेल्या आपल्या पालकांची भीती खरी होती. पण नियम बदलले, भीती तशीच राहिली. नव्याने येणाऱ्यांना ती व्हॉट्सअ‍ॅपवर वारशाने मिळते. ते कलम पीआर झालेल्या माणसाला लागू होत नाही. शाळेतली ओएसआर फाइल शिक्षक आणि मुख्याध्यापकांच्या वापरासाठी असते. पालकांच्या लेखी परवानगीशिवाय ती इतरांना दाखवता येत नाही. परीक्षेला जादा वेळ घेतला म्हणून ट्रान्सक्रिप्टवर तशी नोंद होत नाही.

लपवण्याची किंमत मात्र मोठी आहे. शाळेत जबाबदारी शाळेची असते. अठराव्या वर्षानंतर ती विद्यार्थ्यावर येते. कॉलेजच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी ऑफिसमध्ये त्याने स्वतः नाव नोंदवायचं, काय लागतं ते स्वतः सांगायचं. आईबाबांनी फोन केला तर गोपनीयतेच्या नियमावर बोट ठेवून ऑफिस बोलायचं नाकारतं. नुसता आयईपी तिथे सहसा पुरत नाही. डॉक्टरांची किंवा मानसशास्त्रज्ञांची कागदपत्रं लागतात. ही तयारी चौदा ते अठरा या चार वर्षांत व्हायची असते, आणि कागदावर काहीच नसेल तर ती चार वर्षं हातची जातात.

काही गोष्टी आत्ताच तपासा. आयईपीमध्ये 'अ‍ॅकमोडेशन' आहे की 'मॉडिफिकेशन'? पहिल्यात अभ्यासक्रम तोच राहतो, फक्त वेळ, साधनं, पद्धत बदलते. दुसऱ्यात अपेक्षाच बदलतात, आणि अकरावी-बारावीत त्याने क्रेडिटवर आणि पुढच्या प्रवेशावर परिणाम होऊ शकतो. सही करण्याआधी विचारा. बौद्धिक अपंगत्व असेल तर डेव्हलपमेंटल सर्व्हिसेस ओंटॅरिओकडे सोळाव्या वर्षी अर्ज करता येतो, अठराची वाट पाहू नका. अशा मुलांसाठी कॉलेजचं दार बंद नाही: अल्बर्टा विद्यापीठात १९८७ पासून अशी सोय आहे, आणि ओंटॅरिओच्या अनेक कॉलेजांत सीआयसीई नावाचा सर्टिफिकेट कोर्स चालतो. शिकण्यासाठी लागणाऱ्या सेवा आणि उपकरणांना केंद्राचं वेगळं अनुदान आहे, वर्षाला वीस हजार डॉलरपर्यंत.

आणखी एक फरक, तिकडून येताना सोबत आलेल्या सवयीचा. भारतात २०१६च्या कायद्याने सवलतींसाठी ४० टक्क्यांची रेषा आखली आहे, त्यामुळे आपण टक्केवारीच्या सर्टिफिकेटच्या भाषेत विचार करतो. इथली शाळा किंवा कॉलेज टक्के विचारत नाही. मुलाला काय जमतं, काय अडतं आणि काय दिलं तर जमेल, हे विचारते. याचं उत्तर मुलाला स्वतःला देता आलं पाहिजे, आणि घरात ज्या गोष्टीचं नावही कुणी घेत नाही ती त्याने बाहेर कशी सांगावी?

म्हणून माझं सांगणं साधं आहे. तुमचं मूल आठवीत-नववीत असेल, तर पुढच्या आयईपी बैठकीला त्याला सोबत न्या आणि तुमच्याआधी त्याला बोलू द्या. ज्यांनी १९८१ मध्ये कलम १५ मध्ये आपला शब्द घालून घेतला ते स्वतः अपंग होते आणि स्वतःच बोलले. त्या खुर्चीवर आता तुमच्या मुलाचा हक्क आहे.